निळ्या फुलांचं ताट

हिंगोली, गुरुवार संध्याकाळ

जुनी विलायती भांडी जमवायचा माझा नाद, म्हणून साखरा गावी गेलो. तिथल्या शेवंताबाईंकडं चिनीमातीचं मोठं ताट निघालं. निळी फुलं, मागं इंग्लंडचा शिक्का, काठाला टवका. मी मागितलं.

"घेऊन जा की, पाव्हणं."

लगेच पिशवीत घातलं. निघताना त्यांचे आंधळे मालक जेवायला बसले. स्टीलच्या ताटाचा काठ चाचपत म्हणाले, "टवका कुठं गेला? भाजी कोण्या अंगाला हाय?"

"मी दाखवते न्हवं," म्हणत बाईंनी त्यांचा हात भाजीवर नेला.

हे ऐकूनही मी काहून थांबलो नाही? घरी ताट कपाटात ठेवलं, पुन्हा काढलं, पुन्हा ठेवलं. त्या टवक्यावरून बोट फिरवत बसलोय. उद्या पहिल्या गाडीनं परत नेणार. बाई नको म्हणतील. मग मालकांच्याच हातात देईन.