गायरानातल्या टाकीत एकवीस दिवस

रविवार, २४ मे १९९८. सकाळी ११
अडकलो आहे. घाबरलेलो नाही. ही नोंद कुणासाठी नाही, फक्त इतिहासासाठी. म्हणून सविस्तर.

आमच्या गावाबाहेरच्या गायरानात महिनाभरापासून एक काळी, गोल, दोन माणसं उंच वस्तू पडून आहे. पाणी योजनेची टाकी म्हणून कुणी लक्ष दिलं नाही. ठेकेदाराने टाकली असेल, पाइप यायचा तेव्हा येईल. बाया टँकरची वाट बघत तिच्या सावलीत बसतात आणि भांडतात.

आज मी (प्रा. अप्पाराव, एम.एस्सी. फिजिक्स, टेंभुर्णीच्या ज्युनिअर कॉलेजात लेक्चरर, मूळ पिंड शास्त्रज्ञाचा) तिच्यावर टिचकी मारली आणि एका टिचकीत ओळखलं. बायांकडे वळून सांगितलं, ही टाकी नाही, परग्रहावरचा कॉम्प्युटर आहे, आणि हा चालवता येणारा माणूस जालना जिल्ह्यात एकच. असं म्हणून छातीवर हात ठेवला. तेवढ्यात मागे भिंत उघडली, मी आत ओढला गेलो, भिंत मिटली.

आत उजेड आहे. उकडत नाही. घरापेक्षा बरं आहे.

त्याच दिवशी, दुपारी ४
यंत्र बोललं! पहिलं वाक्य जसंच्या तसं: आला का मुडद्या, किती वाट पाह्यची?

विश्लेषण: महिनाभर पाण्याच्या रांगेतलं ऐकून भाषा शिकलेली आहे. मी इंग्लिशमध्ये पृथ्वीच्या वतीने स्वागत केलं. ती म्हणाली, नीट बोल. (यंत्र स्वतःला बाईमाणूस समजतं. रांगेचा परिणाम.)

तिचं म्हणणं असं. तिला चालवणारा मागच्या मुक्कामाला पाय मोकळे करायला उतरला आणि परत आला नाही. ती त्याच्या जागी माणूस शोधून राह्यली. तुला येतं म्हणतो ना, मंग चालव. येत नसलं तर येत न्हाई म्हण, दार उघडते, जाय घरी.

उघड आहे, ही बुद्धीची परीक्षा आहे. असलं वाक्य शास्त्रज्ञ बोलत नाही. येतं म्हणालो. थोडा वेळ लागेल एवढंच.

सोमवार, २५ मे
सौ. सत्यशीला डबा घेऊन आली. ती गावच्या अंगणवाडीत सेविका आहे, त्यामुळे सगळ्यांशीच लहान पोरांशी बोलावं तशी बोलते. यंत्राला म्हणाली, बाई, एवढं इवलंसं उघड बरं. भाकरीएवढं भोक पडलं. मी दिवसभर आज्ञा देतोय तर भिंत हलत नाही. प्रोटोकॉलची गडबड असावी.

मला विचारलं, कधी येणार? म्हणालो, संशोधन चालू आहे. बरं म्हणाली, डबा परत द्या, दुसरा नाही.

मागे शिवकन्या उभी होती. आमची एकुलती एक. बारावीचा निकाल जूनमध्ये. दोन वर्षं फिजिक्स मी स्वतः घेतलंय, त्यामुळे डिस्टिंक्शन नक्की. इंजिनिअरिंगचा विचार मी तिच्या वतीने करून ठेवलाय. ती नखाने भिंत खरवडत होती. एकाग्रता बापाची.

संकल्प: रोज प्राणायाम, मग रिसर्च पेपर.

गुरुवार, २८ मे
प्राणायाम उद्यापासून.

भिंतीवर एक उंचवटा सापडला. हाच मास्टर कंट्रोल. जोर लावून दाबला. यंत्र म्हणालं, तिथं हात लावू नको, गुदगुल्या होतात.

म्हणजे प्रतिसाद मिळाला. यश.

शनिवार, ३० मे
औरंगाबादला केलेला तीन महिन्यांचा कॉम्प्युटरच्या बेसिक भाषेचा कोर्स आज कामी आला. मोठ्याने प्रोग्राम सांगितला. टेन, प्रिंट नमस्कार. ट्वेंटी, गो टू टेन.

ती नमस्कार म्हणाली. मग परत म्हणाली. दुपारी चारपासून म्हणतेय. थांबवायची कमांड कोर्सच्या ज्या दिवशी होती त्या दिवशी मी लग्नाला गेल्तो.

रविवार, ३१ मे
अजून म्हणतेय.

दुपारी १. सत्यशीला आली, म्हणाली, बाई, पुरे आता. थांबली.

बुधवार, ३ जून
पेपरचं शीर्षक तयार. बाकीचा मजकूर सोपा आहे, कधीही होईल.

तक्रार: पृथ्वीवरच्या शास्त्रज्ञाशी बोलायची संधी सोडून यंत्र दुपारभर झुंबरबाईशी बोलत बसतं. ही बाई इथं शेळ्या चारते. आज विषय तिची जाऊ. एकदा माझंही मत विचारलं. मी सामाजिक दृष्टिकोनातून सुरुवात केली, तर दोघी म्हणाल्या, राहू द्या मास्तर. यंत्रही आता मास्तर म्हणतं. प्राध्यापक म्हणायला हवं हे तिसऱ्यांदा सांगितलं.

पोखरणला गेल्या महिन्यात स्फोट झाले, देशभर शास्त्रज्ञांचे फोटो. आणि मी इथं वांग्याची भाजी खातोय. सलग चौथा दिवस.

शनिवार, ६ जून
यंत्राने विचारलं, वस्तू खाली का पडते? एवढं सोपं? म्हणालो, ग्रॅव्हिटी. ती म्हणाली, म्हणजे काय? मी फॉर्म्युला सांगितला. ती म्हणाली, हे तू पाठ केलेलं हाय. ते काय असतं ते सांग.

म्हणालो, तो भाग पुढे आहे.

मग म्हणाली, त्या पोरीलाबी असंच सांगतो का?

म्हणालो, प्रश्न सिलॅबसबाहेरचा.

बुधवार, १० जून
वटपौर्णिमा. वड दूर, ऊन फार, म्हणून सत्यशीलाने आणि दोघीचौघींनी यंत्रालाच दोरा गुंडाळला. यंत्राने विचारलं, हे काय करून राह्यल्या? तिनं समजावलं, सात जन्म हाच नवरा मिळावा म्हणून. यंत्र म्हणालं, हाच? आतला? बाई, एकवार इचार कर.

बाया हसल्या. सत्यशीलाचा आवाज त्यात सगळ्यात मोठा होता. भिंत जाड आहे, माझी ऐकण्यात चूक असू शकते.

गुरुवार, ११ जून
महत्त्वाचं. यंत्र शनिवारी दिवस मावळता निघणार. म्हणालं, लई वाट पाह्यली, आता तूच चल. चारशे वर्षांचा रस्ता हाय. येतं ना तुला? का न्हाई? अजूनबी सांग.

येतं, म्हणालो.

अंतराळात जाणारा मराठवाड्यातला पहिला माणूस! रिलेटिव्हिटीमुळे माझ्यासाठी चारशे वर्षं फार भरणार नाहीत. नक्की किती ते उद्या काढतो. सत्यशीलाला स्वेटर आणायला सांगितलं. तिनं विचारलं, परत कधी? म्हणालो, गणित चालू आहे. ती भोकाशी बराच वेळ नुसती उभी राहिली. बहुतेक अभिमान.

शुक्रवार, १२ जून
निकाल लागला. मराठी ८१. बायोलॉजी ७०. फिजिक्स शंभरपैकी एकोणीस.

तपासणाऱ्याची घोडचूक. मी लगेच आतून बोर्डाला पत्र सांगायला घेतलं, म्हणालो, शिवकन्या, लिही. ती लिहीना. भोकातून तिचा अर्धाच चेहरा दिसत होता. म्हणाली, अप्पा, पेपर बराबर तपासलाय. मला पहिल्या धड्यापासूनच काही कळालं नव्हतं.

मग दोन वर्षं सांगितलं का नाही? म्हणाली, तुम्ही म्हणायचे ना, अप्पारावाच्या पोरीला येत नाही असं होऊच शकत नाही.

हे मी एकदोनदा म्हणालो असेन. रोज एकदोनदा.

मग ती रडायला लागली. यंत्राने, मी काही न सांगता, भोक थोडं मोठं केलं. माझा हात खांद्यापर्यंत बाहेर गेला. तिच्यापर्यंत पोचला नाही.

सत्यशीला म्हणाली, तुम्ही जा निवांत चारशे वर्षं. पोरीचं मी बघते. आणि डबा न देता गेली. वांग्याचीही भाजी नाही.

शनिवार, १३ जून. सायंकाळी ६
जमीन थरथरतेय. यंत्र गुणगुणतंय. मी व्यवहारी विचार केला. घरात पोरगी नापास, अशा वेळी कर्त्या माणसाने गावाबाहेर जाऊ नये.

म्हणालो, मला पूर्णपणे येत नाही. दार हललं नाही.
म्हणालो, सध्या येत नाही. नाही.
मॅन्युअलशिवाय येत नाही. यंत्र म्हणालं, मास्तर, दिवस मावळून राह्यला.

बाहेरून शिवकन्याचा आवाज आला. अप्पा, स्वेटर आणलाय. आईशिवाय, एकटीच आल्ती.

मला येत नाही, म्हणालो. काहीच येत नाही. भीती वाटते.

हे लिहायला जेवढा वेळ लागला त्याच्या आत दार उघडलं. मी तोंडावर पडलो. शेळ्यांमागून झुंबरबाईने विचारलं, कोण पडलं गं? यंत्राने शिवकन्याला विचारलं, तुला येतं का मला चालवता? ती म्हणाली, न्हाई. यंत्र म्हणालं, शहाणी हाय पोरगी. मग आवाज न करता वर गेलं, आणि सावली घेऊन गेलं.

यंत्राच्या टपावर झुंबरबाईचा हंडा ठेवलेला होता, तोही गेला. त्यासाठी ती मला जबाबदार धरते.

सोमवार, १५ जून
संकल्प: संपूर्ण अनुभव चौदा पानांत लिहून वर्तमानपत्राला द्यायचा. लिहिला. टेंभुर्णीच्या वार्ताहराने पहिलं पान वाचून विचारलं, टँकर रोज येतो का एक दिवसाआड?

दुपारी पंचायतीची नोटीस: पाणी योजनेची टाकी आपण आत असताना गहाळ झाली. तीन दिवसांत लेखी खुलासा करावा. मी म्हणालो, ती टाकी नव्हतीच. ग्रामसेवक म्हणाले, तसा पुरावा जोडा.

मंगळवार, १६ जून. सकाळी ९
शिवकन्याची ऑक्टोबरची तयारी आजपासून. खडू, फळा, टाइमटेबल तयार ठेवलं. सोप्यापासून घेणार होतो. ती आली, उभीच राहिली. म्हणाली, अप्पा, केदारखेड्याला एक मॅडम फिजिक्स शिकवतात. न कळालेलं चारदा विचारलं तरी चिडत नाहीत म्हणे. त्यांच्याकडे लावू का?

माझ्याकडे तीन मुद्दे होते. म्हणालो, लाव.

विचारायला म्हणून एवढ्या जल्दी पळाली की चपला विसरली. मी त्या हातात घेऊन बसस्टँडपर्यंत गेलो. बस निघून गेल्ती.