हिशेबात संत्री

सोमवार, ३ नोव्हेंबर २०२५

हिमानीला जर्मनीहून नोकरीचं पत्र आलं. गाव लाइपझिग. औषधांच्या पॅकिंगची तपासणी करणारी लॅब. हुद्दा एन्ट्री लेव्हल. म्हणजे सगळ्यात खालची पायरी, असं तीच म्हणे. बी.फार्म. केलं, नागपुरात दोन वर्षं घासली, जर्मनच्या परीक्षा दिल्या, अन् पायरी खालची! पण मी काही बोललो नाही. मी मोकळ्या मनाचा माणूस आहे.

शुक्रवारी १४ तारखेला त्यांच्या दुपारी बाराच्या आत कळवायचं. म्हणजे आपले साडेचार. पोरगी म्हणे, "बाबा, तुमी हो म्हणाल तवाच मी हो कळवीन."

मी जाहीर केलं की निर्णय भावनेवर होणार नाही, आकड्यांवर होईल. पगारात तिथला खर्च भागला तर जा, नाही भागला तर नाही. एकुलती एक पोरगी आहे म्हणून हात आखडणारा बाप मी नव्हे. हिशेब मीच करणार. तीस वर्षं पंपाच्या मोटारी रिवाइंड करून राहिलो, कोणाच्या हाताखाली न शिकता. मी बांधलेली मोटार जळून परत आली नाही. (एक आली. तिथे व्होल्टेजचा दोष होता.)

जेवण झाल्यावर रोजच्यासारखं हिमानीला संत्रं सोलून दिलं. घेऊन आत गेली.

मंगळवार, ४ नोव्हेंबर

सौसरच्या मास्तरांचा चेतन तीन वर्षांपासून तिकडे आहे. त्याला व्हॉट्सॲपवर सत्तावीस प्रश्न पाठवले. उत्तर आलं, "काका, आरामात भागते." असल्या मोघम उत्तरांनीच देश मागे राहिला. परत पाठवले, नंबर टाकून.

बुधवार, ५ नोव्हेंबर

चेतनचे आकडे आले. कर कापून हिमानीच्या हातात पगार १७४० युरो. कोल्ड रेंट ४३०, वॉर्म रेंट ५४५. कोल्ड म्हणजे नुसत्या खोलीचं भाडं, वॉर्म म्हणजे ती खोली गरम ठेवायचं. बेरीज ९७५. पगार अर्ध्याच्या वर तिथेच गेला! इंग्रजी मी पंपांच्या मॅन्युअलवरून शिकलो, मला कोणी समजावायची गरज पडत नाही.

शिवाय घरात टीव्ही असो की नसो, दरमहा १८ युरो टीव्ही-रेडिओचे द्यावेच लागतात. सरकारी नियम! बायकोला, नलिनीला, वाचून दाखवलं. ती म्हणे, "इथं तं टीव्ही चालू ठेवून तुमी झोपता, त्याचं कोण देते?" विषय वेगळा होता.

गुरुवार, ६ नोव्हेंबर

चेतनला संत्र्याचा भाव विचारला. किलोला तीन युरो, माल स्पेनचा. आपल्या पोरीनं विकत घेऊन संत्रं खायचं, अन् तेही स्पेनचं! पांढुर्ण्याच्या माणसाला हे ऐकायची वेळ यावी. महिन्याला आठ किलो धरले, २४ युरो. हात आखडता घेऊनच धरले.

संध्याकाळी संत्रं दिलं तेव्हा हिमानी म्हणे, "किती झालं, बाबा?" म्हटलं, काम चालू आहे. घाईनं बांधलेली मोटार जळते.

शनिवार, ८ नोव्हेंबर

कवडू मोटार घेऊन आला. त्याचा संत्र्याचा बगीचा लोधीखेड्याच्या वाटेवर आहे, मोटार वर्षातून दोनदा जाळतो. त्याला हिशेब समजावून सांगितला. म्हणे, "श्रीधरभाऊ, पोरीले पाठवाचं हाये का नाई, ते पयले सांगा. मंग हिशोब तसा बसवता येते."

अडाणी माणूस. आकडे बसवायचे नसतात, मांडायचे असतात.

तरी एक अडचण आहे. खाणं २८०, प्रवास ५८, फोन १५, कपडे ६०, वर्षातून एकदा घरी यायचं विमान महिन्याला धरून ७५, छत्री-औषधं ४०, अचानक १५०, अन् वरचं भाडं, टीव्ही, संत्री. एकूण १६९५. म्हणजे ४५ शिल्लक राहून राहिले. कुठला तरी खर्च सुटला असणार. उद्या शोधतो.

रविवार, ९ नोव्हेंबर

सापडला. मनाचा खर्च. परक्या गावात माणूस एकटा असला की दोन पैसे जास्त जातात. उगाच बाहेर जाऊन चहा पितो, लागत नाही ती वस्तू घेतो. हा खर्च कोणी धरत नाही, कारण लोक वरवरचा विचार करतात. १०० धरले. एकूण १७९५. तूट ५५.

जेवताना निकाल सांगितला. मला वाईट वाटलं, पण आकड्यापुढे बाप काय करणार?

हिमानी म्हणे, "बरं." एवढंच. मग उठली अन् घरभर चिकटवलेल्या पिवळ्या चिठ्ठ्या काढू लागली. दीड वर्षापासून दारावर, फ्रिजवर, गॅसवर त्या त्या वस्तूचं जर्मन नाव लिहून लावलं होतं. आरशाची चिठ्ठी निघता निघेना, नखानं खरवडली. घर आता स्वच्छ दिसतं.

सोमवार, १० नोव्हेंबर

नलिनी बोलत नाही. भाजीत मीठ नव्हतं. मागितलं तर डबाच समोर आदळला.

मंगळवार, ११ नोव्हेंबर

नलिनी बोलली. नसती बोलली तर बरं होतं.

तिचं माहेर सावरगाव, जाम नदीच्या पलीकडे. पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी आमचं गाव अन् तिचं गाव नदीच्या दोन काठांवरून एकमेकांवर गोटे मारतात. मागे कधी पांढुर्ण्याचा पोरगा सावरगावची पोरगी घेऊन नदीतून निघाला अन् दोघांवर गोटे पडले, त्याची आठवण, असं सांगतात.

नलिनी म्हणे, "हिमानी नदीच्या मधात उभी हाये. अन् तुमी काठावर बसून आकड्याचे गोटे मारून राहिले. एक एक वेचून."

म्हटलं, गोटमार वर्षातून एक दिवस असते.

म्हणे, "तेच तं! तुमची आठ दिवसांपासून चालू हाये."

सावरगावच्या बाईशी वाद घालायचा नसतो. नेम चांगला असतो त्यांचा.

बुधवार, १२ नोव्हेंबर

हिमानीनं नागपूरच्या जुन्या कंपनीत फोन केला. जागा आहे का विचारत होती. भिंतीआडून ऐकू आलं, मी मुद्दाम ऐकलं नाही. "हो सर, जर्मनीचं नाही जमत, घरचं आहे." घरचं नाही, आकड्यांचं आहे. माणसानं बोलताना नेमकं बोलावं.

संत्रं दिलं. घेतलं. माझ्याकडे पाहिलं नाही.

गुरुवार, १३ नोव्हेंबर, दुपारी

हिशेब निर्दोष असावा म्हणून चेतनला शेवटचा प्रश्न पाठवला, की वॉर्म रेंट उन्हाळ्यात माफ असते काय?

त्यानं आधी हसण्याची सहा चित्रं पाठवली. मग लिहिलं, "काका, वॉर्ममध्ये कोल्ड आलंच. ५४५ मध्ये खोली, पाणी, हीटर सगळं. दोन भाडी कोण देते?"

एकाच भाड्याला दोन नावं ठेवणारे लोक. चूक त्यांची आहे, पण दुरुस्त मला करावी लागली. ४३० वजा. खर्च १३६५. शिल्लक ३७५.

पाच वेळा केली बेरीज. शिल्लकच येते.

घरी सांगितलं नाही. अर्धवट माहिती देणं माझ्या स्वभावात नाही. आधी सगळे खर्च परत तपासायला पाहिजेत.

शुक्रवार, १४ नोव्हेंबर, सकाळी ११

घरचा राउटर गरम होत होता. दुकानात आणून उघडला. आजच आणला हा योगायोग.

संत्र्यांचा आकडा फारच कमी धरला होता. संत्र्याच्या मुलखातली पोरगी, थंड देश, सर्दी होणार, व्हिटॅमिन सी पाहिजे. दिवसाला साडेचार किलो. महिन्याचे १३५ किलो, ४०५ युरो. खर्च १७४६. तूट ६.

हिशेब पूर्ण झाला. जीवाला बरं वाटायला पाहिजे होतं.

त्याच दिवशी, सहा वाजता

पावणेचारला हिमानी दुकानात आली. राउटर मागायला आली असेल म्हणून मी स्क्रू शोधू लागलो. ती म्हणे, "राहू द्या, मोबाइलवर नेट आहे. चेतनदादाचा फोन आला होता. दोन भाडी धरली होती म्हणे?"

म्हटलं, दुरुस्त केलं. तरी सहा युरो कमी पडतात. कागद दिला.

ती उभ्या उभ्या वाचत गेली. संत्र्यापाशी थांबली. "दिवसाला साडेचार किलो?"

कवडू आपल्या मोटारीसाठी बसला होता. म्हणे, "भाऊ, एवढं तं माझी बकरी नाई खात."

हिमानी हसली. नऊ तारखेनंतर पहिल्यांदा. हसता हसता डोळे पुसले अन् म्हणे, "बाबा, मी संत्रं खातच नाही. तोंड येते मला. लहानपणापासून."

मी म्हटलं, रोज तर घेतेस.

"आईला देते नेऊन."

मग सांगितलं काहून नाही?

ती म्हणे, "तुमी सोलून देत होते ना."

मी कागद परत घेतला. मोटारीच्या वेटोळ्यांचा एक फेरा चुकला तर मला हात लावून कळतो, असं मी लोकांना सांगत असतो. कवडूलाही सांगितलं आहे. तो माझ्याकडे पाहून राहिला होता.

चार वाजून दहा मिनिटं झाली होती. हिमानी फोन हातात घेऊन नुसती उभी होती. तिनं आधीच पाठवून टाकलं असतं तर मला रागावता आलं असतं. तिनं पाठवलं नव्हतं.

म्हटलं, पाठव.

"काय पाठवू?"

हो पाठव, म्हटलं. आकडा आकडा असतो.

माझ्याच स्टुलावर बसून पाठवलं. कवडूनं मोटार तशीच ठेवली अन् पेढे आणायला गेला. मोटारीचे पैसे अजून दिले नाहीत त्यानं.

शनिवार, १५ नोव्हेंबर

राउटर जोडला. आता चालत नाही. नवीन घ्यावा लागेल, नाहीतर तिकडून ती बोलेल कशी?

अंतिम हिशेब. संत्री शून्य. मनाचा खर्च १०० रद्द केला नाही, तिच्या पानावरून काढून माझ्या पानावर घेतला. तिची शिल्लक ४९९ युरो. निर्णय आकड्यांवरच झाला, हे मी सुरुवातीपासून सांगत होतो.

आरशावर चिठ्ठी परत लागली आहे.

जेवण झाल्यावर सवयीनं संत्रं सोललं. शिराही काढल्या. हिमानीपुढे हात नेला, तेव्हा आठवलं. हात तसाच राहिला. तीही घ्यावं की नाही म्हणून पाहून राहिली होती.

नलिनी म्हणे, "आणा इकडं. वीस वर्षं झाली, पोरीच्या हातानं फिरून येऊन राहिलं. आता तरी सरळ द्या."