ड्रमावरचा नारळ अन् जावईबापूची सही

मु. सावरखेड, ता. मोताळा, जि. बुलढाणा
मंगळवार, २६ मे २०२६

परम आदराचे जावईबापू डॉ. शिवमराव यांना सासूबाई सिंधूताईचा नमस्कार, अन् घरच्या सगळ्यांचा रामराम.

तुमची तब्येत कशी हाये? पित्ताचा त्रास कमी झाला का? उपाशी पोटी चहा पिऊ नका म्हणून मी लग्नाच्या मांडवातच सांगतलं होतं, पण विद्यापीठात शिकवणाऱ्या माणसाले पोटाचं कोणी सांगावं! माही पुष्पांजली बरी असंन. (तिले म्हणा, आईचा फोन आला की "मीटिंग हाये" म्हणून कापत जाऊ नको, मीटिंग तुह्या नवऱ्याले असते, तुले नाई.) इकडे आमी सगळे बरे हावोत. तुमच्या सासऱ्याचे गुडघे दुखून राह्यले, पण मोताळ्याच्या बाजारात जायाचं म्हटलं की आपोआप बरे होतात, म्हणून मी काळजी करत नाई.

आता एक गोष्ट सुरवातीलेच सांगून ठेवतो. आमच्यात जावयाले वरच्या आवाजात बोलत नाईत. माही माय तुमच्या सासऱ्याले कधी बोलली नाई, अन् बोलावं असं तर रोजच काई ना काई होतं. त्यात धोंड्याचा महिना लागला, या महिन्यात जावई म्हंजे घरातला देवच. म्हणून या पत्राचा वरचा भाग जावईबापूसाठी होता, तो संपला. इथून खालचा भाग तपासणी समितीचे सदस्य नंबर तीन यांच्यासाठी हाये. ते अन् तुमी एकाच खुर्चीवर बसत असान तर माहा नाइलाज हाये.

तर सदस्य साहेब, तुमच्या समितीचा कागद पोचला. त्यात लिहेल हाये की सावरखेडच्या महिला गटाकडे शास्त्रीय क्षमता नाई, नमुन्यात भेसळ बुरशी निघाली, म्हणून बियाण्याले लावायची बुरशी बनवायचं केंद्र बंद करून सगळं काम मोठ्या शहरातल्या जैवतंत्रज्ञान उद्यानात हलवावं, अन् बुरशीच्या मूळ कल्चरची नळी पंधरा जूनच्या आत परत करावी. खाली तीन सह्या. पहिल्या दोन मले वाचता आल्या नाईत. तिसरी मी डोळे मिटून ओळखली, कारण लग्नाच्या रजिस्टरवर त्याच सहीनं तुमी माही पोरगी नेली. आता त्याच सहीनं कल्चर नेता? एका सहीत माणसानं किती न्यावं!

तुमच्या समितीले विसर पडला असंन म्हणून पहिल्यापासून सांगतो. तीन वर्साआधी पावसानं असा मुक्काम ठोकला की गावातलं सोयाबीन मुळापासून सडलं. एकट्या गौसियाभाभीचं बांधाखालचं दीड एकर जसंच्या तसं उभं. लोक म्हणे, भाभीनं काई तरी औषध मारलं. भाभी म्हणे, मैं क्या करती, मैं तो पंधरा दिन से मायके में थी! तवा बेबीताईच्या करिष्मानं (पोरगी चिखलीहून बी.एस्सी. झाली अन् वर्सभर घरी बसून मिरच्या निवडत होती) त्या बांधाची ओंजळभर माती पिठाच्या डब्यात भरून तुमच्याकडे पाठवली. तुमी त्यातून हिरवी बुरशी काढली, जी मुळं सडवणाऱ्या बुरशीलेच खाते, बियाण्याले चोळली की मूळकूज जवळ येत नाई. पेपरात छापून आलं, विद्यापीठानं शोधली म्हणून. शोधली म्हंजे काय हो? ती भाभीच्या बांधात होतीच. तुमी तिले नंबर देला.

पण मी उपकार इसरणारी बाई नाई. तुमीच ती बुरशी काचेच्या नळीत घालून परत आणली, बारा जणीले शिकवलं, तालुक्याच्या साहेबाले भेटून शाळेच्या दोन जुन्या खोल्या देववल्या. ज्वारी शिजवायची, निवू द्याची, पिशवीत भरून पुन्हा वाफवायची, मंग त्यात कल्चर सोडायचं अन् आठ दिवस कोणी बोट लावायचं नाई. तुमाले वाटलं बायांले जमणार नाई. अरे देवा! ज्या बायांनी जन्मभर दही लावलं, पापड-कुरडया वाळवताना कावळ्यापासून सासूपर्यंत सगळ्यायले दूर ठेवलं, त्यायले काय सोवळं शिकवता? दोन हंगाम आमच्या पिशव्या पार दुसरबीडपर्यंत गेल्या. एकही परत आली नाई.

मंग सरकारच्या योजनेतून तो स्टीलचा ड्रम आला, पातळ कल्चर बनवायचा. अन् त्याचं एप्रिलात उद्घाटन ठरलं. इथं मी सगळं खरं लिहितो, कारण माह्याकडे लपवाले काई नाई अन् तुमच्याकडे हाये.

ड्रमात गुळाचं पाणी उकळून निवलेलं, कल्चर सोडलेलं, झाकण बंद. झाकणावर करिष्मानं चिठ्ठी चिकटवली होती: कोणीही उघडू नये. पण आलेल्या मोठ्या साहेबाले फोटो पाह्यजे होता, अन् बंद ड्रमाचा फोटो काय, तो तर पाण्याच्या टाकीसारखा दिसते. साहेबानं झाकण उघडवलं. आता मले सांगा, नवी वस्तू तोंड उघडून समोर उभी हाये, पाहुणे उभे हायेत, अन् माह्या हातात हळदी-कुंकवाचं ताट हाये. चाळीस वर्सं झाली, नवी विहीर, नवा चुल्हा, नवा ट्रॅक्टर, नवी सून, मी कोणालेच सोडलं नाई. हात आपोआप गेला. चिमूटभर हळद, चिमूटभर कुंकू, पाच अक्षता, सरळ आत. कबूल. (करिष्माच्या तोंडातून जो आवाज निघाला तो मी आरती समजली.)

पण सदस्य साहेब, नारळ मी फोडला नाई! नारळ जावयाच्या हातानं फुटावा, त्याचा मान असते, असं मी म्हटलं, हेही कबूल. पण ज्या माणसाले बुरशीमधीच डॉक्टरकी भेटली, त्याले चार लोकात सासूले नाई म्हणाची हिंमत झाली नाई. त्यानं ड्रमाच्या काठावर फटकन नारळ हाणला. पाणी कुठी गेलं? शेंडी कुठी गेली? चार दिवसांनी समितीनं नमुना घेतला तो कोणत्या ड्रमातून? अन् अहवालात "गटाच्या अशास्त्रीय हाताळणीमुळे" असं लिहिताना तुमच्या हाताले नारळाचा वास तरी आला नाई का? आमी म्हटलं, बाप्पा, त्या ड्रमाचं सोडा, जुन्या पिशव्यांतून नमुना घ्या. म्हणे नियमात बसत नाई. नारळ मात्र बसला.

असू द्या. तो ड्रम आमी त्याच हप्त्यात ओतून, उकळत्या पाण्यानं धुऊन, पुन्हा लावला. आता झाकणाले कुलूप हाये, किल्ली करिष्माच्या कमरेले हाये, अन् हळद-कुंकू मी भिंतीले लावतो. चूक झाली, चूक समजली, संपलं. लेकरू पहिल्यांदा पडलं म्हणून त्याचे पाय शहरात नेऊन ठेवत नाईत.

अन् हे उद्यान काय भानगड हाये? माती आमची, बांध भाभीचा, पोरगी गावची, सोयाबीन बी इथंच, सडते बी इथंच, अन् उद्योग तिकडे? म्हंजे आमची बुरशी शहरात जाईन, चमकदार पुडीत बसंन, अन् मोताळ्याच्या दुकानात आमीच ती विकत घेऊ, वरून दुकानदार सांगंन की मावशी, लय भारी कंपनीची हाये. सरकारले खरंच इथं काई उभं कराचं असंन तर कराले सोपं हाये. दिवसा लाइट द्या. नमुना तपासणारा माणूस तालुक्याले बसवा, म्हंजे चूक झाल्याचं महिनाभरानं कागदावर नाई, दोन दिवसांत तोंडानं समजंन. कृषी खात्यानं गावोगावी वाटायची पुडी आमच्याकडून घ्यावी. अन् विद्यापीठानं शिकवाले यावं, न्याले येऊ नये. याले काई समिती लागत नाई, मन लागते.

मागच्या गुरुवारी तुमच्या हापिसाची जीप कल्चर न्याले आली. आली ती दिवेलागणीले. मी त्या शिपायाले म्हटलं, भाऊ, कल्चर म्हंजे विरजणच, अन् दिवा लागल्यावर विरजण घराबाहेर जात नाई, लक्ष्मी जाते. तो बिचारा म्हणे, हाव मावशी, माही माय बी देत नाई. पिठलं-भाकर खाऊन गेला. त्यानं रिपोर्टात काय लिहिलं ते तुमीच पाहा. मी इथं माहं लिहितो: नळी देणार नाई. पंधरा जूनले नाई, पंधरा जुलैले नाई. पोलीस आणा, मोठे साहेब आणा. पेरणी तोंडावर हाये, अन् आठ गावच्या लोकायले मी माह्या तोंडानं शब्द देला हाये की बियाण्याले लावाले पुड्या भेटतीन. एक पोरगी देली. आता या गावातून दुसरं काई जात नाई.

तुमची (जावईबापूसाठी) नम्र अन् (समितीसाठी) अजिबात नाई अशी,
सिंधूताई

ता. क. – समितीचा भाग संपला, आता पुन्हा जावईबापू. येत्या सात जूनले, रविवारी, धोंड्याचं जेवाले तुमी दोघंही या. अनारशाचे तांदूळ चार दिवस आधीच भिजू घालतो. तेहतीस अनारसे मोजून देईन. तुमच्या हातानं नारळ फुटतानाचा फोटो करिष्माच्या मोबाइलमधी निघाला होता, तो मोठा करून, फ्रेम करून दारासमोरच्या भिंतीवर लावला हाये. तुमचा मान म्हणून लावला. उद्या कोणती समिती घरी आली तर तिलेही दिसंन, त्याले मी काय करू.

ता. क. दुसरं – पुष्पांजलीनं मले काई सांगतलं नाई, तिच्यावर चिडू नका. पण सुट्यांमधी तुमच्या प्रयोगशाळेची लाइट तीन दिवस गेली, फ्रीज बंद पडला, अन् विद्यापीठाजवळचं या बुरशीचं मूळ कल्चर मेलं, हे खरं हाये ना? म्हणूनच मुदत पंधरा जूनची अन् नळी न्याची घाई मे महिन्यातच! घाबरू नका, मी कोणाले बोलली नाई. आमच्यात विरजण एका घरी ठेवत नाईत, एकीचं नासलं तर दुसरीकडून आणता यावं म्हणून. बारा जणीच्या घरी बारा बाटल्या हायेत. भाभीची सगळ्यात चांगली हाये. तिच्यातली एक नळी अनारशाच्या डब्यात ठेवून तुमाले वाण म्हणून देईन. मागणाऱ्याले विरजण नाई म्हणत नाईत. पण दिवसाउजेडी या.

ता. क. तिसरं – येताना नवा कागद आणा. त्यात बुरशीच्या नंबराच्या जागी सावरखेडचं नाव पाह्यजे, खाली गौसियाभाभीचं अन् करिष्माचं, अन् करिष्मा या केंद्राची तंत्रज्ञ असं साफ लिहेल पाह्यजे. तुमचा पहिला कागद आला त्या दिवशी तिले शहरातल्या कंपनीचा फोन आला. आठ तारखेच्या सकायच्या एस.टी.नं जातो म्हणे. बॅग भरून दाराशी ठेवली हाये, कुलपाची किल्ली मले देऊन राह्यली होती, मी घेतली नाई. पुष्पांजलीची पाठवणी करताना मी रडली नव्हती, सगळ्या गावानं पाह्यलं. ही बॅग पाहून रडली. हे सदस्य साहेबाले सांगू नका, तुमाले म्हणून सांगतलं.

नारळ आणू नका. पेन आणा.