माझ्या खोलीचा रंग

दादा,

माझ्या लग्नासाठी घराला रंग द्यायचा, अन् रंगाच्या हिशेबात माझीच खोली न्हाई? आईला इचारलं तर म्हणे, "दादा म्हणतो, ती तर चालली सासरी, तिच्या खोलीला काहून रंग?" तुझ्या मोटारसायकलच्या शेडला मात्र रंग बराबर धरलास!

मी सवता टेप लावून खोली मोजली. दोन हात मारायला पाच लिटर लागतात. पिवळाच आण.

भाकरी टोपल्यात हाय, बेसन गरम करून घे. मी कुरुंद्याला मावशीकडं चालले. रंग आणलास की फोन कर, तवाच येते.

अन् एक ध्यानात ठेव. भिंती मोजताना दारं-खिडक्या वजा करतात, बहीण न्हाई.

ऐश्वर्या