नजरेनं मोजलेली साखर

मंगरूळपीर, मंगळवार

जिवलग दोस्त जानराव यास,

सैफुद्दीन टेलरचा सलाम आणि रामराम. मेडशीत शेतातली तूर सोंगून झाली असेल, पंचफुलावहिनींचा गुडघा बरा असेल आणि तू ठणठणीत असशील, असं धरून चालतो. (फोन न करता पत्र कशाला, ते शेवटी येईल.) मी जिवंत आहे, आणि नुसता जिवंत नाही, जिंकलेला आहे!

झालं असं. येत्या रविवारी तुझ्या हरीओमचं लग्न, आणि आपल्या पोराचा कोट मीच शिवणार हा तुला दिलेला शब्द. मागच्या मंगळवारी कोट कापला आणि बुधवारी मला ताप भरला. दोन दिवस अन्न पोटात ठरेना. मी विचार केला, जेवणच नाही तर साखर येणार कुठून? केली इन्सुलिनची सुई बंद. तुला माझा हात माहीत आहे. गिऱ्हाईक दुकानाची पायरी चढतं तेव्हाच मी त्याची कंबर सांगतो. (मदनसिंग दर दिवाळीला छत्तीस म्हणतो, मी चाळीस कापतो, आणि चाळीसच बसते.) तीच नजर मी आरशात स्वतःला लावली. गाल बसलेले, डोळे खोल. म्हटलं, साखर एकशे दहा, फार तर एकशे वीस. त्यात आजाऱ्याकडे रिकाम्या हातानं जायचं नाही हा आपल्याकडचा रिवाज. शेजारची कमलीबाई ग्लुकोजचा डबा घेऊन आली, आणि अशक्तपणा जावा म्हणून मी तो दोन दिवसांत अर्धा केला.

शुक्रवारी आमची बायको सरवरी साखर मोजायचं मशीन घेऊन समोर उभी राहिली. "गिऱ्हाईकाले टेप लावता अन् सोताले नजर? बोट द्या इकडे!"

तीनशे एक्केचाळीस.

डॉक्टरांनी मला असं झापलं की ताप तिथेच अर्धा उतरला असावा. तापात न खाताही साखर चढते, सुई मनानं बंद करायची नसते, दर चार तासांनी मोजा, पाणी पीत राहा, थोडं थोडं खा. उलट्या सुरू झाल्या किंवा संध्याकाळपर्यंत आकडा उतरला नाही, तर थेट वाशीमला भरती. भरती म्हणजे कोट अर्धवट आणि लग्नही हुकलं. खोटं कशाला बोलू, जानराव, मी भ्यालो. आपल्या दोघांची साखर एकाच वर्षी निघाली, तेव्हा तू हसला होतास आणि मीही हसलो होतो. शुक्रवारी हसू आलं नाही.

पण मग मी लढलो! (सरवरी घड्याळ लावून उठवत होती, सुई देत होती, मुगाचं पातळ वरण भरवत होती. बाकी सगळं मीच केलं.) कापायच्या टेबलावर खडूनं आकडे लिहिले: दोनशे अठ्ठ्याण्णव, दोनशे चाळीस, एकशे शहाऐंशी. शनिवारी ताप गेला आणि आकडा आला एकशे बावन्न. उतरते मार्क पाहून एवढा आनंद आयुष्यात पहिल्यांदा झाला. गिऱ्हाइकांना टेबल दाखवतो आहे, पुसू देत नाही. आणि कसम खाल्ली आहे, यापुढे नजरेनं मोजणं बंद. साखर असो की कंबर.

तुझाच,
सैफुद्दीन

ता. क. कोट तयार आहे. पण हरीओमचं माप मी टेपनं घेतलं नव्हतं. तो बसस्टँडवर उतरताना पाहिला होता, तेवढंच. आता झोप लागत नाही. फोनवर बोललो तर सरवरी ऐकेल. पत्र मिळताच पहिल्या बसनं त्याला गुपचूप पाठव. दुकानात, घरी नको.

ता. क. दुसरं, सरवरीच्या हातचं. जानरावभाऊ, पत्र मी वाचलं. हरीओमले मी आजच बोलावून घेतलं. कोट कंबरेत दोन इंच तंग निघाला, उसवून सैल करून राह्यली. वहिनीनं फोनवर सांगलं, तीन दिवसापासून तुमाले ताप हाय, अन् जेवत नाही म्हणून साखरेची गोळी बी सोडली. हरीओमच्या हाती हे पत्र अन् मशीन पाठवते. कोट मंग पाहू. पयले बोट द्या, अन् आकडा डॉक्टरले सांगा.