छोटीसाठी पाटी

३ फेब्रुवारी, मंगळवार

छोटी जाणार. नक्की झालं!

तिच्या नवऱ्याची बदली झाली. महिनाअखेरीला बिऱ्हाड हलणार. सांगितलं तेही कसं, तर दोरा तोडता तोडता, मान वर न करता. "वहिनी, रडू नकोस हं. मशीनवर पाणी पडेल." रडले नाही. कापडाच्या गठ्ठ्याची उगाच दोनदा घडी घातली.

नणंद माझी, आमच्याच वरच्या मजल्यावर बिऱ्हाड तिचं. उंचीने घरात सगळ्यांच्या वर आणि नाव छोटी! आम्ही दोघी मागच्या खोलीत बाळांची पांघरुणं करतो. त्यांवर ससे, हत्ती, गोगलगायी भरतो. चित्रं तिची. बाकी सगळं माझं – कापड, कॉम्प्युटरवरून चित्र घेऊन भरतकाम करणारं मशीन, गिऱ्हाईक, पार्सलं. लोक पांघरूण बघून घेत नाहीत, तिचा ससा बघून घेतात. आणि मला चित्रकला येत नाही म्हणजे नाहीच. शाळेत घोडा काढला होता, तर बाईंनी विचारलं, टेबलाला शेपूट कशाला?

ती गेली की मशीन काय भरणार? माझं टेबल?

५ फेब्रुवारी

उपाय सापडला! चित्र काढायचा टॅबलेट. ती तिकडे पेन फिरवणार, चित्र इकडे माझ्या लॅपटॉपवर. आत्ता ती कागदावर काढते, मी फोटो घेते आणि माउसने गिरवते. गिरवताना सशाचा उंदीर होतो ते वेगळंच.

एकदाच घेता येईल, पुन्हा नाही. म्हणजे स्वस्त हवा, आणि दणकटही हवा. छोटीला म्हटलं, चल उद्या दुकानात. तर म्हणे, "तू बघ. तूच घे."

"अगं, वापरणार तू!"

"माझा हात कशावरही चालतो, वहिनी. तुझा चालला तर खरं."

आळशी कुठली!

७ फेब्रुवारी

दुकानात गेले. दुकानदार दाढीवाला, बोलका. आधी पडदा असलेला टॅबलेट दाखवला. ज्यावर काढायचं त्यातच चित्र दिसतं. काय सुंदर! किंमत ऐकली आणि झोपलेलं बाळ ठेवावं तसा अलगद खाली ठेवला. शिवाय वरून काच. आमच्या खोलीत काच?

मग बिनपडद्याचे. नुसती काळी फळी, हात खाली चालतो आणि चित्र समोर कॉम्प्युटरवर उमटतं. मी माझे प्रश्न काढले. कात्री पडली तर? मशीनचं तेल सांडलं तर? पेनाचं टोक झिजलं तर नुसतं टोक मिळतं का? पेन चार्ज करायला लागतं का? दाढीवाला म्हणाला, "ताई, कात्रीचं आजवर कुणी विचारलं नव्हतं."

"चालवून तर बघा," म्हणाला. काढू काय? शेवटी लहानपणी काढायचो तेच काढलं – दोनचा आकडा, त्याला चोच, झालं बदक. चार टॅबलेट, चार बदकं. प्रत्येकाचा फोटो घेतला, छोटीला दाखवायला.

ही बया टॅबलेट बघेचना! बदकंच बघत बसली. "हे का रागावलंय?"

"पेन अडखळत होतं गं."

"आणि हे?"

"त्यात जोर दिला की रेघ जाड होते. पोट सुटलं त्याचं."

पोट धरून हसली. तरी म्हणते कशी, "अजून दुकानं बघ."

१० फेब्रुवारी

अजून दोन दुकानं. अजून सहा बदकं. पाय मोडले.

ह्यांचा सल्ला – "एकदाच घ्यायचाय तर सगळ्यात मोठा घे." हे सांगणार! ह्यांनीच सगळ्यात मोठा फ्रिज आणला होता. तो स्वयंपाकघराच्या दारातून आत जाईना, म्हणून आजही बैठकीत उभा आहे. पाहुणे त्याच्याशेजारी बसतात.

सासूबाई म्हणाल्या, "एका पाटीसाठी एवढी दुकानं?" तेव्हापासून त्याचं नावच पाटी.

१३ फेब्रुवारी

घेतली! दाढीवाल्याकडूनच. मध्यम आकार, पडदा नाही, जाड बूड. पेनाला बॅटरी नाही की चार्जिंग नाही. वायर सुटी होते – तुटली तर नुसती वायर आणायची, पाटी नाही. डब्यात जास्तीची टोकं. वर्षाची गॅरंटी. मी फार खूश.

घरी आणून जेवणाच्या टेबलावर ठेवली आणि हात धुवायला गेले. येऊन बघते तर पाटीवर आमटीचं पातेलं! गरम! सासूबाई म्हणाल्या, "तूच आणलीस ना पातेल्याखाली ठेवायला?" छोटीने पातेलं उचललं, पाटी पुसली, लॅपटॉपला वायर लावली. चालली! एक पुसटसा गोल वळ राहिलाय, बस.

दणकट आहे. गॅरंटी सासूबाईंची.

१६ फेब्रुवारी

सत्यानाश. पेन उड्या मारतंय! रेघ सरळ ओढावी तर मध्येच वाकडी होते, उजवीकडे तर थरथरतेच. काल रात्रीपर्यंत जेवणाच्या टेबलावर ठीक होतं. आज पाटी खोलीत मशीनशेजारच्या टेबलावर लावली आणि हे! मला वाटतं पातेल्याचंच आहे. सासूबाईंना काही बोलले नाही, पण भाजी चिरताना जरा जास्तच आवाज केला.

छोटीचं सामान बांधायला सुरुवात झाली आणि इथे ही रड!

१७ फेब्रुवारी

पाटी काखेत मारून दुकानात. तणतणतच गेले. दाढीवाल्याने लावली – लोण्यासारखी चालली! मी स्वतः पाच बदकं काढली. एकही वाकडं नाही. तोंड पाडून परत आले.

खोलीत लावली. उड्या!

छोटी म्हणाली, "दुकानात चालली ना? मग इथे असं काय आहे, जे दुकानात नाही?"

मी खोलीभर नजर फिरवली. मशीन बंद. कापड. दोरे. आणि पाटीला अगदी चिकटून, उजव्या हाताशी – टाचण्यांची वाटी. चुंबकाची! सांडलेल्या टाचण्या पटापट उचलते म्हणून मी ती कायम उजव्या हाताशी ठेवते. पाटी लावली की आधी वाटी शेजारी, मग बाकीचं. सवयच! चुंबक जवळ आलं की पेन बावचळतं.

वाटी खिडकीत ठेवली. रेघ सरळ!

दोघी खाली बसून हसलो. सासूबाईंसाठी गोड शिरा केला. का, ते सांगितलं नाही. दाढीवाल्याला फोन करून माफी मागितली. तो म्हणाला, शिवणकाम करणाऱ्यांना आता आधीच सांगत जाईन.

२१ फेब्रुवारी

छोटी रोज तासभर मलाच पाटीवर बसवते. "मी तिकडून फोनवर सांगेन तेव्हा तुला कळायला नको?" पटलं. खोडायचं कसं, रंग भरायचा कसा, मशीनला पाठवायचं कसं, सगळं शिकले. बदक आता झोपेतही काढेन. काल त्याला गमबूट घातले. छोटी हसली नाही. नुसती बघत राहिली.

२४ फेब्रुवारी

कापड घेऊन आले तर मशीनला पिवळा दोरा. मी लावला नव्हता. छोटी म्हणाली, "चालवून बघितलं जरा." बरं बाई.

बाळांच्या कपड्यांच्या दुकानवाल्या बाई येऊन गेल्या म्हणे, मी नसताना. आमची निम्मी पांघरुणं त्याच घेतात. छोटी गेल्यावर घेतील की नाही, हे विचारायचं होतं. राहून गेलं.

२७ फेब्रुवारी

पाटी माझ्या हाताने मऊ पांघरुणात गुंडाळली. पेन, टोकं, वायर, सगळं. तिच्या बॅगेत मधोमध ठेवली. वरून सांगितलं, तिकडे चुंबक लावू नकोस कुठे.

मग रडले. मशीनपासून लांब उभी राहून.

२८ फेब्रुवारी

गेली. फ्रिजसुद्धा एकटा वाटतोय.

१ मार्च

सकाळी खोली उघडली. पाटी माझ्या टेबलावर! वायर लावलेली. टाचण्यांची वाटी पार पलीकडे, खिडकीत. आणि पाटीवर एक पांघरूण, त्यावर भरलेलं बदक. माझं. पोट सुटलेलं, रागावलेलं, गमबूट घातलेलं.

फोन केला. ओरडलेच. ती शांतपणे म्हणाली, "त्या दिवशी दुकानवाल्या बाईंना बदक दाखवलं, त्यांना तेच हवंय, वहिनी. चाळीस पांघरुणं. मला तिकडे कागद-पेन्सिल पुरते. पाटी निघताना बॅगेतून काढून ठेवली, ती पहिल्यापासून तुझ्यासाठीच होती. तसं आधी सांगितलं असतं तर तू हात लावला असतास?"

नसता लावला.

बसले. पेन उचललं. दोनचा आकडा काढला.