काढून ठेवलेली ओळ

९ नोव्हेंबर

दादा, नमस्कार.

बाबा गेल्यावर आता 'तीर्थरूप' तुलाच लिहायला हवं, पण हात वळत नाही. वळला की लिहीन.

घरचे सगळे बरे आहेत. माझा खोकला आहे तसाच आहे. तुझ्या पुस्तकातलं आपल्या गल्लीचं प्रकरण पोचलं. छापायला जाण्याआधी चुका तपासून दे म्हणालास, म्हणून लाल पेन घेऊन बसलो.

गल्लीत छापखाने सतरा नव्हते, एकोणीस होते. जिन्याखालचे दोन तू मोजलेच नाहीस. पुस्तकवाले अकरा, ते बरोबर. जुन्या पुस्तकांचं पहिलं दुकान कोपऱ्यावर नव्हतं, नळाशेजारी होतं, आणि त्याआधी तिथे चपला मिळायच्या. 'शाईचा गंध दरवळे' असं लिहिलं आहेस. दरवळत वगैरे काही नव्हतं. रोलर पुसायच्या रॉकेलचा वास यायचा. तूही पुसलेस की.

गल्ली का संपली यावर चार पानं आहेत. काळ बदलला, यंत्रं बदलली, वाचक बदलले. सगळं खरं. फक्त शहराबाहेर ऑफसेटचा पहिला मोठा छापखाना कोणी काढला, आणि जाताना शाळांची कामं आणि आपला मशीनवाला कोणी नेला, तेवढं राहून गेलं. जागा पुरली नसेल.

ते असो. लाल पेन अडलं ते पान चौदावर. तू लिहिलंस: 'गल्लीत कोणी गेलं की त्याच्या निधनाचं पत्रक समोरच्या छापखान्याने छापायचं, अशी रीत होती. समोर कोणी उरलं नाही, तेव्हा माझ्या वडिलांनी स्वतःचं पत्रक स्वतःच जुळवून ठेवलं. शोकाकुलांमध्ये त्यांनी माझं नाव घातलं नाही. मनानेही ते शिशाचेच होते.'

हे तीनदा वाचलं. मग उठून पाणी प्यायलो.

समोरचा छापखाना बंद झाला त्याच आठवड्यात बाबा शिशाच्या अक्षरांचे खिळे जुळवायला उभे राहिले. हात कापायचे. एवढंसं पत्रक, पण तीन दुपारी लागल्या.

मी विचारलं, "हे काय चाललंय बाबा?"

"दिसत नाही? आता समोर आहे कोण माझं छापायला?"

"मी आहे ना."

"तू? तुझ्या ओळी जन्मात कधी घट्ट बसल्यात? मेल्यावर तरी मला सरळ छापून घेऊ दे."

खिळ्यांवर अक्षरं उलटी असतात, मी तशीच उलटं वाचत गेलो. त्यांचं नाव, तारखेची मोकळी जागा, खाली 'शोकाकुल'. त्याखाली पहिली ओळ तुझी. दुसरी माझी.

"दादाचं कशाला?" म्हणालो. "बारा वर्षांत उंबरा चढला नाही."

"थोरला आहे. थोरल्याचं आधी येतं. यात विचारायचं काय?" त्यांनी मजकुराला दोरा गुंडाळला, गाठ मारली आणि फळीवर ठेवला. "तारीख तेवढी घाल. बाकी हात लावू नकोस."

जूनमध्ये ते सकाळी गेले आणि दुपारी मी तो दोरा सोडला. तारीख घातली. मग तुझी ओळ उचलली आणि त्या जागी कोरी पट्टी बसवली. दोन मिनिटांचं काम. पत्रकं छापली आणि गल्लीत नेऊन चिकटवली.

नळाशेजारचा पुस्तकवाला, आपला भिंगवाला काका, अजून आहे. शटरसमोर उभा राहून त्याने भिंगातून पत्रक वाचलं.

"एक ओळ गेली रे इथली."

"जागा पुरली नाही, काका."

"तुझ्या बापाला जागा पुरली नाही असं मी उभ्या जन्मात ऐकलं नाही," म्हणाला, आणि भिंग खिशात टाकून निघून गेला. तेव्हापासून माझ्याशी बोलत नाही. गल्लीत बोलायला तो एकच उरला होता.

का काढली, विचारशील. बावीस वर्षं मी त्या खिळ्यांपाशी उभा होतो. शेवटचं दीड वर्ष बाबांना आंघोळ मी घातली. त्यांना माणसं ओळखू येईनाशी झाली होती. ते मला तुझ्या नावाने हाक मारायचे आणि मी ओ द्यायचो. एकदाही चुकून माझं नाव आलं नाही. तेव्हा कागदावर तरी एकट्याने असावं असं वाटलं. याहून चांगलं कारण माझ्याकडे नाही.

चौथ्या दिवशी तू आला होतास. हातात पिशवी होती. आपल्या शटरवरचं पत्रक वाचलंस, बोट लावून पुन्हा वाचलंस, आणि दार न वाजवता परत गेलास. मी आत खिडकीशीच होतो. हाक मारली असती तर ऐकू गेली असती.

बाबांनी तुला गाळलं नाही. मी गाळलं. पान चौदा दुरुस्त कर. ते आयुष्यभर लोकांच्या छापील चुका काढत बसले, त्यांच्याबद्दलच चूक छापली जायला नको. माझं खुशाल लिही, पुरावा सोबत आहे. पण मग मशीनवाल्याचंही लिही. माफी मी मागत नाही, तूही मागू नकोस. ज्यांच्याकडे मागायची ते बाबा आता नाहीत.

छपाई झाली की खिळे सुटे करून आपापल्या खणात टाकायचे, ही बाबांची शिस्त. एवढी एक ओळ पाच महिने माझ्याकडून सुटी झाली नाही. सोबतच्या पुडीत तीच आहे. दोऱ्याची गाठ माझी आहे, म्हणून सैल असेल. आतली ओळ त्यांचीच आहे, घट्ट बसलेली. उलटं वाचायला विसरला नसशील.

पत्रकावर ज्याचं एकट्याचं नाव आहे, तो
तुझा धाकटा भाऊ